कोकणातून अंबाजोगाईला आल्यावर जलरंगाचे काम आणि वर्ग कसे उभे करावेत?

जलरेखा (अंबाजोगाई) :

नमस्कार. यजमानांच्या निवृत्तीनंतर आम्ही रत्नागिरी सोडून त्यांच्या मूळ गावी, अंबाजोगाईला, कायमचे राहायला आलो आहोत. माझे चित्रकलेचे शिक्षण मुंबईत झाले. गेली अनेक वर्षे मी केवळ जलरंगातच काम करते आणि कोकणात असताना घरी मुलांचे व गृहिणींचे वर्गही घेत असे. योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असल्यामुळे हे गाव मला सर्वस्वी परके नव्हते. माहेरच्या मंडळींबरोबर मी लहानपणापासून इथे दर्शनाला येत आले आहे. परंतु देवीची ओटी भरून संध्याकाळच्या गाडीने परत फिरणे वेगळे आणि इथल्या उन्हात बोर्ड मांडून बसणे वेगळे, हे आता रोज जाणवते.

पहिली अडचण चित्राचीच आहे. कोकणातल्या हवेत इतका ओलावा असतो की आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, टाकल्यावर ढगांच्या कडा सोडवायला, नको तिथला रंग उचलायला, त्यातच दुसरा रंग सोडायला हवा तेवढा अवधी मिळतो. इथे फेब्रुवारी सरता सरता हवा अशी कोरडी होते की ब्रश कागदाच्या खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत वरचा भाग वाळून त्यावर कडक रेघ उमटलेली असते. त्यात बोअरचे पाणी वापरले तर गडद वॉशवर पांढरट कण राहतात आणि रंगाची पारदर्शकता जाते. शिवाय माझी सारी रंगपेटी हिरव्याभोवती जमलेली आहे. मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणाऱ्या दरीत किंवा हत्तीखाना लेण्यांपाशी बसले, की त्या हिरव्याचे काय करावे हेच कळत नाही आणि चित्र मळकट होऊन बसते. रत्नागिरीच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "तिकडे रंगवण्यासारखे आहे तरी काय?" आश्चर्य असे की इथली माणसेही मला तेच विचारतात.

दुसरी अडचण वर्गाची. घरावर पाटी लावली तेव्हा चौकशीला पालक आले, चहा घेऊन अगत्याने बोलले. परंतु प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेता का, आणि त्याचे दहावीला किती गुण मिळतात? लातूर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मुलांचा दिवस गणित-विज्ञानाच्या क्लासनेच भरलेला असतो, आणि चित्रकलेला जो वेळ उरतो तो सगळ्यांचे सगळे आटोपल्यानंतरचा. मला मुलांना पाहायला शिकवायचे आहे. परीक्षेचे नमुने गिरवून घेण्यात मला रस नाही.

तिसरी गोष्ट फीची. आमच्या खिडकीशी थांबून चित्र पाहणारी जी मुले आहेत, त्यांच्या घरी फी देण्याची ऐपत नाही, असे शेजारी सांगतात. सर्वांना विनामूल्य शिकवावे, असे यजमानांचे मत आहे. ते मला पटत नाही, कारण हा माझा व्यवसाय आहे आणि कागदाचा खर्चही थोडा नसतो. मराठवाड्यात चित्रकला शिकवणाऱ्या किंवा जलरंगात काम करणाऱ्या सदस्यांनी आपापल्या अनुभवावरून मार्गदर्शन केल्यास मी ऋणी राहीन.

खडूफळा (परभणी) :

जलरेखाताई, मराठवाड्यात आपले स्वागत. मी एका माध्यमिक शाळेतून कलाशिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. जलरंगाच्या हवापाण्याविषयी इथले इतर जाणकार लिहितीलच. मी वर्गापुरते लिहितो.

परीक्षेला आपण शत्रू मानू नये, ही माझी पहिली विनंती. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटमध्ये अ श्रेणी मिळाल्यास दहावीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात. पालक त्या सात गुणांसाठीच मुलाला पाठवतात, हे आपले निरीक्षण अगदी खरे आहे. पण खेड्यातल्या मुलाच्या हाती खरा ब्रश पहिल्यांदा येतो तोही त्याच सात गुणांमुळे, आणि एकदा मूल आपल्या ओसरीवर येऊन बसले की त्याला काय शिकवायचे हे आपल्या हातात असते.

त्या परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे विषय असतात. यातले स्थिरचित्र म्हणजे आपल्या विषयाचे दारच आहे. समोर तांब्या, दोन वांगी आणि मागे एक फडके, अशी मांडणी बहुधा असते. आमच्याकडची मुले तांब्या पाहतच नाहीत. मार्गदर्शक पुस्तकात पाहिलेला तांब्या काढतात. आधी सगळीकडे पिवळा, मग दोन्ही कडांना तपकिरी, शेवटी पोटावर पांढऱ्या पोस्टर कलरचा एक ठिपका, की झाला तांब्या. आपण मुलाला त्याच तांब्यासमोर बसवून विचारावे, की पोटावरचा सर्वांत उजळ ठिपका नेमका कुठे आहे, तो गोल आहे की खिडकीसारखा चौकोनी, आणि शेजारच्या फडक्याचा निळा रंग तांब्याच्या बुडाशी उमटला आहे की नाही. मग त्याला सांगावे, की तो उजळ ठिपका रंगवायचा नाही, तिथे कागद सोडायचा. ज्या मुलाला कागद सोडता आला त्याला जलरंगाची निम्मी विद्या आली, आणि परीक्षकही त्याचे गुण कापत नाहीत.

स्मरणचित्राच्या बाबतीत मात्र आपण, कोकणातून आलेल्या असल्यामुळे, विशेष सावध राहावे. ज्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही अशी आमची मुले दोन डोंगरांमधला सूर्य, त्यातून निघालेली नदी आणि तिच्या काठी नारळाची झाडे हे चित्र डोळे मिटून काढतात. आपल्या भिंतीवर नारळीपोफळीची सुंदर चित्रे असतील, तर मुले तीच उतरवतील आणि आपल्याला वाटेल की हात चांगला आहे. त्यापेक्षा आठवडी बाजार, बसस्थानक, विहिरीवरची मोटार असे विषय द्यावेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुले बैलांची शिंगे रंगवताना जवळ उभी असतात, हिंगूळ कसा चढतो आणि बेगड कुठे चिकटवतात ते त्यांना तोंडपाठ असते. ज्या वस्तूला त्यांनी स्वतः रंग लावला आहे तिचे चित्र त्यांना कुठूनही उतरवावे लागत नाही.

वर्ग घरी सुरू करण्याआधी एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे, असेही मी सुचवेन. सहावी ते आठवीच्या शाळेत पटसंख्या १०० च्या वर असल्यास कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे. प्रत्यक्षात अनेक शाळांचा चित्रकलेचा तास गणिताकडे जातो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत आपण एक तास मागितलात तर सहसा कोणी नाही म्हणणार नाही. गावात ओळख होते ती अशा तासातून, पाटीवरून होत नाही.

फी मात्र घ्यावी. विनामूल्य वर्गाची हजेरी पहिल्या पंधरवड्यानंतर पातळ होत जाते, असा माझा अनुभव आहे.

ओली कड (लातूर) :

ताई, मी लातूरला जलरंगातच काम करते, तेव्हा हवापाण्याचे माझ्याकडे लागले.

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते वॉशच्या कडेला साचतात आणि रंगाचे कण एकमेकांना धरून गाठीगाठीने बसतात, म्हणूनच आपल्याला पांढरट ठिपके दिसतात. चित्रासाठी जारचे पाणी वापरावे. ब्रश धुण्यासाठी मात्र बोअरचे चालते. आम्ही लातूरकर पाणी जपून वापरायला एका उन्हाळ्यात शिकलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने शहराला पाणी आणावे लागले होते, आणि त्या दिवसांत जलरंग करणे म्हणजे चैन वाटावी अशी परिस्थिती होती. तेव्हापासून माझ्या टेबलावर दोन बरण्या असतात : पहिलीत ब्रशचा रंग सोडायचा, दुसरीत तो नितळ करायचा. पहिल्या बरणीतला रंग रात्रभरात तळाशी बसला की वरचे पाणी ओतून पुन्हा तीच बरणी पहिली म्हणून वापरायची. कॅडमियम किंवा कोबाल्टचे रंग असतील तर ते पाणी तुळशीला किंवा भाजीच्या वाफ्याला घालू नये, एवढे पथ्य पाळावे.

वाळण्याचा वेग आटोक्यात आणता येतो. जाड कागद, म्हणजे ३०० जीएसएमचा, दोन्ही बाजूंनी ओला करून ओल्या फडक्यावर अंथरावा. खालून ओल मिळत राहिली की वरचा वॉश बराच वेळ जिवंत राहतो. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तरी फरक पडतो, पण जास्त झाल्यास कागद दिवसभर चिकट राहतो. वॉशला लागणारे सगळे रंग आधीच वाट्यांत भरपूर कालवून ठेवावेत आणि हातात असलेला सर्वांत मोठा ब्रश घ्यावा, कारण इथल्या हवेत मध्येच रंग कालवायला थांबणाऱ्याची खैर नसते. मार्चनंतर उघड्यावर बसायचे असेल तर नऊच्या आत आवरावे. बोर्डवर थेट ऊन घेऊ नये. पांढऱ्या कागदाने डोळे दिपतात, रंग फिके वाटतात, आपण टोन (रंगाचा गडदपणा) चढवत राहतो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते.

आता खरा मुद्दा. या युक्त्या उपयोगाच्या आहेतच, पण त्यांच्या जोरावर आपण इथे कोकणातले चित्र करत राहाल, तर ते ना कोकणाचे होईल ना इथले. कोकणात पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्याकडे त्याच्या चौथाईच्या आसपास. तिथली हवा कडा विरघळवते. इथले ऊन कडा कापून देते. वॉश लवकर वाळतो ही तक्रार न मानता त्याचा उपयोग करावा. एक वॉश वाळला की लगेच त्याच्यावर दुसरा चढवता येतो, आणि पायऱ्यापायऱ्यांनी पारदर्शक थर देण्याची पद्धत या हवेत फार सुरेख चालते. बेसॉल्टच्या कड्याला खरबरीत कागदावर कोरडा ब्रश एकदा ओढून पाहावा. दगडाचे पोत आपोआप येते.

रंगांबद्दल म्हणाल तर काळ्या मातीसाठी काळा रंग लावू नये. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे मिश्रण दाट ठेवले की ओली, नांगरलेली माती मिळते. त्यातच पाणी वाढवले आणि सिएना किंचित जास्त घेतला की भेगाळलेल्या उन्हाळी रानाचा राखाडी मिळतो. दोन्ही रंगद्रव्ये कागदावर थोडी वेगळी होऊन बसतात आणि त्या दाणेदारपणात मातीची ढेकळे सुटी दिसू लागतात. यलो ओकर जानेवारी-फेब्रुवारीत पिकलेल्या ज्वारीसाठी ठेवावा. पळस फुलतो त्या आठवड्यांत मागचा सगळा डोंगर करडा असतो, म्हणून तो नारंगी इतका पेटलेला दिसतो. हिरव्या कोकणात तोच नारंगी निम्माही दिसला नसता. जुन्या पद्धतीचे क्रिमसन पळसासाठी वापरू नये, उजेडात ते काही वर्षांत उडते. आणि आपला हिरवा फेकून देऊ नये. जुलै ते सप्टेंबर बालाघाटचे डोंगर आपल्याला सॅप ग्रीनची, त्या गवती हिरव्याची, आठवण करून देतील.

बालाघाट :

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वरच्या दोन्ही प्रतिक्रिया मोलाच्या आहेत, परंतु फीच्या बाबतीत सरांशी मी सहमत नाही.

आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि परत येतात ती हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि कोयत्याची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे घरी हातात पैसा खेळतो असे दिवस वर्षातून थोडेच. मुले कधी आईबापांबरोबर फडावर जातात, कधी आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलाची हजेरी पातळ होते तेव्हा त्याला विनामूल्य शिक्षणाची किंमत नसते असे नव्हे. ते गावातच नसते. ताईंच्या खिडकीशी थांबणारी मुले यांपैकी असू शकतील.

म्हणून ताईंना माझे सुचवणे असे आहे, की वर्गाचे वर्ष जूनला सुरू करून दसऱ्यापर्यंतचा एक भाग पूर्ण करावा. रेखाकला परीक्षा साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच होतात, तेव्हा जी मुले पुढे फडावर जाणार आहेत त्यांनाही परीक्षेला बसता येते. जाताना त्यांच्याबरोबर पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही आणि एक पेन्सिल द्यावी. मी हे माझ्या शाळेत केले आहे. एका मुलीने परत आणलेल्या वहीत ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांवर रचलेल्या उसाचे चित्र होते. मोळ्या कशा आडव्या-उभ्या बांधतात, दोर कुठून काढतात, वर बसलेल्या माणसाचे पाय कुठे टेकतात, हे सगळे तिने अचूक टिपले होते. दृक्‌संतुलन कच्चे होते, ट्रॉलीची चाके वाकडी होती. पण मार्गदर्शक पुस्तकातून ती वही निघालेली नव्हती, हे पाहणाऱ्याला लगेच कळत होते.

ज्यांना परवडते त्या घरांकडून ताईंनी पूर्ण फी घ्यावी, त्यात संकोच नको. बाकीच्यांना शाळेतल्या शनिवारच्या तासाला शिकवावे. घरच्या वर्गात कोण फी देतो आणि कोण देत नाही याची चर्चा आमच्याकडे फार लवकर होते आणि त्यात मुलाचा मान जातो. दोन वेगळ्या जागा असल्या म्हणजे तो प्रश्न येत नाही.

जलरेखा (अंबाजोगाई) :

तिघांचेही मनापासून आभार. दोन जागांची व्यवस्था मला आणि यजमानांनाही पटली आहे. आमच्या घरातला एक वाद त्यामुळे मिटला. ओली कड ताईंनी सांगितल्याप्रमाणे कोरड्या वॉशवर थर चढवून हत्तीखान्याच्या दगडी हत्तींचे एक छोटे चित्र केले. दगडाच्या सावलीत एवढा निळा असतो हे मी तोपर्यंत पाहिलेच नव्हते.

दोन शंका उरतात. आयात केलेला सुती कागद विद्यार्थ्यांना परवडणार नाही आणि दुकानात मिळणारा कार्ट्रिज कागद दुसऱ्या वॉशला रडतो. मधला मार्ग आहे का? आणि "इथे रंगवण्यासारखे काय आहे" असे विचारणाऱ्या गावकऱ्यांना चित्रे दाखवायची कुठे? इथे कलादालन नाही आणि घरी बोलावून चित्रे दाखवणे मला प्रशस्त वाटत नाही.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर) :

कागदापासून सुरुवात करतो. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, त्या काळात आलेल्या कारागिरांपासून तिथली कागदाची परंपरा सांगितली जाते, आणि हातकागद तिथे आजही मिळतो. हा कागद सुंदर असतो, परंतु बहुधा शोषक असतो, म्हणून घेण्यापूर्वी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब तत्काळ आत शिरला तर कागदाला वरून साइझिंग, म्हणजे शोषण कमी करणारा पातळ लेप, हवे. त्यासाठी जिलेटिन कोमट पाण्यात पातळ विरघळवून त्यात चिमूटभर तुरटी घालावी, रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना हात द्यावा आणि कागद दोरीवर वाळवावा. मुलांकडूनच हे करून घेतले तर कागद म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. चांगल्या गिरणीच्या कागदाची बरोबरी तो करणार नाही. दोन-तीन वॉश मात्र सहज झेलतो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागदही पाहावा. ती १९४० पासून हेच काम करते आहे.

दुसऱ्या शंकेपूर्वी एक अवांतर, पण विषयाला धरून. बाहेरून चित्रकारांनी इथे येण्याची रीत मराठवाड्याला नवी नाही. अजिंठ्याच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये आला आणि जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी घेऊन येत राहिला. त्या नकला लंडनला गेल्या आणि त्यांपैकी बऱ्याच तिथल्या आगींमध्ये जळाल्या. चित्रे इथून गेली. आजूबाजूच्या गावांतल्या मुलांना ती बघायला मिळालीच नाहीत. म्हणून "चित्रे कुठे दाखवू" हा आपला प्रश्न मला वर्गाइतकाच महत्त्वाचा वाटतो. अजिंठ्याच्या भिंतींकडे आपण रंगपेटी म्हणूनही एकदा पाहावे. पिवळी माती, तांबडा गेरू, हिरवी माती, काजळी आणि पांढरा एवढ्या मोजक्या रंगांवर बहुतेक काम उभे आहे; निळ्यासाठी लागणारा लाजवर्द तेवढा दूरदेशाहून येई. ओली कड यांनी जी रंगपेटी सुचवली तिच्याशी हिचे नाते सहज लक्षात येते.

आता दाखवण्याविषयी. अंबाजोगाईत मार्गशीर्षात योगेश्वरीचा महोत्सव असतो आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो. दोन्ही वेळी माणसे आपण होऊन गावात जमलेली असतात. आयोजकांकडे एक भिंत आणि चार पाट्या मागाव्यात. तिथे आपली चित्रे आणि मुलांची चित्रे शेजारीशेजारी लावावीत. कोकणातली चित्रे मात्र घरीच ठेवावीत, कारण गावकरी ती पाहून वाहवा करतील आणि मूळ प्रश्न आणखी पक्का होईल. स्वतःची विहीर, स्वतःची गल्ली ओळखू आली की माणूस थांबतो, "हे तर अमक्याचे शेत" म्हणतो, मग चुका काढतो. चुका काढू लागला की तो चित्र पाहू लागला असे समजावे.

ओली कड (लातूर) :

देवगिरी यांच्या सूचनेला एक जोड. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, आपल्याला कोणी ना कोणी शेतावर बोलावेलच; आमच्या भागात त्या दिवशी गावे ओस पडतात आणि सगळे रानात असतात. बोलावणे आले की स्केचबुक घेऊन जावे. कडब्याची कोप उभारलेली असते, आत चुन्याने पांढरे केलेले दगड पांडव म्हणून मांडलेले असतात, आणि भोवताली ज्वारी, हरभरा, कुठे कुठे करडई. कोपीच्या आतला अंधार, तोंडाशी बसलेले पांढरे दगड आणि बाहेरचे ऊन, असे तीनच टोन असतात. कागद सोडण्याचा याहून चांगला धडा कुठल्या वर्गात मिळायचा नाही. भज्जी आणि आंबील पोटभर झाल्यावर हात जड होतो, तेव्हा रेखाटन जेवणाआधी उरकावे.

जलरेखा (अंबाजोगाई) :

बोलावणे शेजारच्या घरून आलेच आहे, आणि शनिवारच्या तासाला एका मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. अट एवढीच, की वर्ग बाकांवर न घेता व्हरांड्यात घ्यावा, म्हणजे फरशी खराब होणार नाही. मला तेच हवे होते, कारण व्हरांड्यात उत्तरेचा उजेड येतो. घरच्या वर्गाला परीक्षेची मुले घेणार आहे. पहिले काही आठवडे तांब्या आणि वांगी, आणि मार्गदर्शक पुस्तक दप्तरातच राहील, असे पालकांना आधी सांगून ठेवले. एका आजोबांनी विचारले, की पुस्तक न बघता अ श्रेणी येईल का. येईल, असे मी म्हटले आहे; आता ते खरे करून दाखवणे आले.

खडूफळा सर, शाळेतल्या मुलांसाठी पोस्टर कलर घ्यावेत की जलरंगाच्या वड्या? पोस्टर कलर स्वस्त पडतात आणि परीक्षेतही चालतात, म्हणून विचारते.

खडूफळा (परभणी) :

ताई, शाळेच्या तासासाठी वड्याच घ्याव्यात. पोस्टर कलर अपारदर्शक असल्यामुळे मूल चूक झाकायला शिकते आणि कागद सोडायला शिकत नाही. शिवाय बाटल्या उघड्या राहिल्या की आमच्या हवेत महिन्याभरात त्यांचे ढेकूळ होते. चौघांत मिळून वड्यांची एक पेटी पुरते. सगळे रंग उघडे ठेवू नयेत. पहिल्या सत्रात पिवळा, तांबडा, निळा आणि तपकिरी एवढेच द्यावेत, काळा आणि पांढरा काढून आपल्या कपाटात ठेवावा. ब्रश मात्र प्रत्येकाला स्वतंत्र हवा, आणि तो गोल, आठ नंबरचा असावा. बारीक ब्रश दिला की मुले तांब्याला रेघ मारत बसतात. पुसायला जुन्या सुती धोतराचे तुकडे आणायला सांगावेत, ते प्रत्येक घरात असतात. परीक्षेच्या मुलांना ऑगस्टपासून पोस्टर कलरचा सराव द्यावा. तोपर्यंत त्यांचा हात पाण्याला सरावलेला असेल.

बालाघाट यांनी हजेरीविषयी जे लिहिले ते मी वाचले. परभणीकडेही तोडीला जाणारी कुटुंबे आहेत, तेव्हा त्यांचे म्हणणे रास्त आहे. शिवलेल्या वहीची कल्पना मी आमच्या जुन्या शाळेत कळवली आहे. फक्त वहीबरोबर खोडरबर देऊ नये.